डोंबिवलीचं नाव लावणारी संख्या

१२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंकांची ही संख्या एकापासून नवापर्यंत एकेक पायरी चढते आणि तशीच एकेक पायरी उतरत एकावर येते. डावीकडून वाचली काय अन् उजवीकडून वाचली काय, तीच. ही ज्या घराण्यातली आहे, त्या घराण्याचं नाव गणिताच्या पुस्तकांत ‘डेम्लो संख्या’ असं आहे. डेम्लो म्हणजे आपली डोंबिवली. मुंबईपासून तीस मैलांवर असलेलं तेव्हाच्या जी.आय.पी. रेल्वेचं हे स्टेशन. या संख्यांचा अभ्यास करावा असं दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांच्या मनात तिथे आलं, आणि स्टेशनाचं नाव त्यांनी संख्यांना दिलं. रोज सकाळी फास्ट लोकलमध्ये स्वतःला कोंबून घेणाऱ्या लाखो डोंबिवलीकरांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असेल. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, आणि ती नीट, आकडे मांडून सांगावी म्हणून हा लेख.

कापरेकर मूळचे याच पट्ट्यातले. जन्म १७ जानेवारी १९०५ चा, डहाणूचा. डहाणू तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. आठव्या वर्षी आई गेली. वडील कारकून, त्यांना ज्योतिषाचा नाद. आकडेमोड मुलाच्या कानावर घरातच पडत होती. माध्यमिक शिक्षण ठाण्यात झालं आणि १९२३ मध्ये ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गेले. तिथे १९२७ साली स्वतंत्र गणिती कामासाठी त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं. १९२९ मध्ये बी.एस्सी. झाले आणि पुढच्याच वर्षी नाशिकजवळ देवळालीला शाळामास्तर म्हणून लागले. १९६२ साली निवृत्त होईपर्यंत ते तिथेच होते. पुढची पदवी नाही, विद्यापीठातली जागा नाही, संशोधनाला मार्गदर्शक नाही. नकाशा समोर धरला तर ठाण्याहून पुण्याला जाणारी गाडी आणि ठाण्याहून देवळालीला जाणारी गाडी, दोन्ही डोंबिवलीवरूनच जातात. फाटा फुटतो तो पुढे कल्याणला. हा फाटा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

डेम्लो संख्यांवरचं त्यांचं टिपण १९३८ साली ‘मॅथमॅटिक्स स्टुडंट’ या नियतकालिकात आलं. पुढच्या वर्षी के. आर. गुंजीकरांच्या जोडीने लिहिलेला सविस्तर लेख मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात छापून आला.

डेम्लो संख्या म्हणजे काय, हे समजायला अकराच्या पाढ्यापलीकडे काही लागत नाही. २३ ला ११ ने गुणा : २५३. दोन आणि तीनच्या मधे त्यांची बेरीज येऊन बसली. आता १११ ने गुणा : २५५३. ११११ ने गुणा : २५५५३. टोकाचे अंक जागच्या जागी, मधे पाचांची रांग लांबत जाते. १५ घेतलं तर १६५, १६६५, १६६६५. ४३ ला ११११ ने गुणलं तर ४७७७३. संख्येचे तीन भाग पडतात, डावा, मधला, उजवा. मधल्या भागात एकच अंक पुन्हा पुन्हा येतो आणि डाव्या-उजव्याची बेरीज केली की तोच अंक मिळतो. ही साधी डेम्लो संख्या. डावा-उजवा भाग एकाच अंकाचा असावा असंही नाही. १४९९९८५ पाहा : १४ आणि ८५ मिळून ९९.

या साऱ्यांत कापरेकरांना ज्यांनी वेड लावलं त्या ‘अद्भुत डेम्लो संख्या’. नुसत्या एकांची संख्या घ्यायची आणि तिला तिनेच गुणायचं. ११ गुणिले ११, १२१. १११ गुणिले १११, १२३२१. शाळेत करतो तसा गुणाकार मांडला की हे का होतं ते दिसतं :

१११
१११०
१११००

ओळी एकाखाली एक, एकक एककाखाली येईल अशा मांडा. एककाच्या घरात एक १ येतो, दशकाच्या घरात दोन, शतकाच्या घरात तीन, हजाराच्या घरात पुन्हा दोन आणि दशहजाराच्या घरात एक. प्रत्येक घरात किती एक येऊन पडले एवढंच मोजायचं आहे. चार एक घेतले तर मोजणी चारापर्यंत चढते आणि १२३४३२१ मिळते. नऊ एक घेतले, म्हणजे १११११११११ ला तिनेच गुणलं, की सुरुवातीला लिहिलेली आपली सतरा अंकी संख्या हाती येते.

दहा एक घेतले तर? तिथे आरसा फुटतो. मधल्या घरात दहा एक येतात. दहा हा काही अंक नाही. तिथे ० लिहून हातचा १ पुढे न्यावा लागतो. पुढच्या घरात नऊ होते, त्यांत हातचा मिळाला, पुन्हा दहा, पुन्हा ० आणि हातचा १. त्याच्या पुढच्या घरात आठ होते, त्यांचे नऊ झाले आणि गाडी थांबली. उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडून चढताना आठ नाहीसा झाला आणि शिखरावर दोन शून्यं आली. उतरणीवर मात्र आठ शाबूत आहे. म्हणून या घराण्यात अखंड चढ-उताराच्या संख्या नऊच, आणि आपली सतरा अंकी त्यांतली सर्वांत मोठी.

ही संख्या मोठ्याने वाचायची झाली तर आपल्याकडे तिच्या प्रत्येक घराला नाव आहे. भास्कराचार्यांनी लीलावतीत, म्हणजे सुमारे ११५० साली, दशमान स्थानांची जी यादी दिली ती अशी जाते : एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. एकूण अठरा. आपल्या संख्येला सतरा घरं, म्हणजे परार्धाच्या एक घर अलीकडे. एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू असं करत करत शिखरावरचा नऊ अर्बुदाच्या घरात बसतो आणि मग उतरण सुरू होते : आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष. कधी सावकाश मोठ्याने म्हणून पाहा.

असल्या संख्यांची गोडी आपल्या मुलखाला कापरेकरांच्याही आधी हजार-अकराशे वर्षांपासून आहे. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. त्यातल्या गुणाकाराच्या उदाहरणांची उत्तरं गळ्यातल्या हारासारखी दोन्हीकडून सारखी यावीत, अशी त्यांनी योजना केली आहे. त्यांतलं एक उदाहरण : २७९९४६८१ गुणिले ४४१. उत्तर १२३४५६५४३२१. ही सरळ सरळ आपल्या घराण्यातली सहावी संख्या, सहा एकांचा वर्ग. महावीराचार्यांनी तिचं वर्णनही ‘एकापासून सहापर्यंत आणि मग क्रमाने कमी’ अशा अर्थाच्या शब्दांत केलं आहे. उत्तर कोकणचे शिलाहार या राष्ट्रकूटांचे मांडलिक होते, आणि ठाण्याच्या येऊरच्या डोंगराला लागून असलेल्या कान्हेरी लेण्यांत अमोघवर्षाचं नाव असलेले शिलालेख आहेत. त्याच डोंगराच्या पायथ्याच्या गावात पुढे कापरेकर शाळा शिकले. या दोघांमध्ये धागा जोडावा असा पुरावा काही नाही, तरी मला हे शेजारपण आवडतं.

आता संख्या उकलून पाहू. मोठ्या संख्येचे अवयव पाडणं हे एरवी फार कष्टाचं काम. इथे मात्र ते हाताने जमतं, कारण ही संख्या वर्ग आहे. १११११११११ चे अवयव मिळाले की झालं. नऊ एकांचे तीन-तीनचे तीन गट करा : १११ १११ १११. म्हणजे १११ गुणिले १००१००१. यांतला १११ म्हणजे ३ गुणिले ३७. १००१००१ या संख्येतही तीन एकच आहेत, अंकांची बेरीज तीन, म्हणून तिलाही तीनने भाग जातो, भागाकार ३३३६६७. ही मूळ संख्या आहे, पुढे तिचे तुकडे होत नाहीत. म्हणून आपल्या सतरा अंकी संख्येची पूर्ण फोड अशी : ३ चारदा, ३७ दोनदा आणि ३३३६६७ दोनदा, यांचा गुणाकार. सतरा अंकांची संख्या, आणि तिच्यात मूळ संख्या अवघ्या तीन जातींच्या.

तिला निःशेष भागणाऱ्या संख्या किती, हे या फोडीवरून लगेच निघतं. भाजक बनवताना ३ हा शून्य ते चार वेळा घेता येतो, म्हणजे पाच प्रकारे. ३७ तीन प्रकारे, ३३३६६७ तीन प्रकारे. पाच त्रिक पंधरा, पंधरा त्रिक पंचेचाळीस. भाजकांची संख्या विषम असते ती फक्त वर्गसंख्यांच्या बाबतीत, कारण भाजक जोडीजोडीने येतात आणि वर्गमूळ तेवढं एकटं उरतं. ४५ म्हणजे एक ते नऊ अंकांची बेरीजही आहे. हा निव्वळ योगायोग, त्याच्यामागे काही कारण शोधू नये.

पुढची गोष्ट मात्र सकारण आहे. या संख्येच्या अंकांची बेरीज करा. एक ते नऊ पंचेचाळीस, पुन्हा आठ ते एक छत्तीस, एकूण ८१. नऊचा वर्ग. एक ते कितीही चढून परत एकावर उतरलं की बेरीज शिखराच्या अंकाच्या वर्गाइतकीच येते : १+२+१ म्हणजे ४, १+२+३+२+१ म्हणजे ९. त्यामुळे या घराण्यातली कुठलीही संख्या स्वतःच्या अंकांच्या बेरजेने गुणली की पुन्हा पूर्ण वर्गच मिळतो. १२१ गुणिले ४ म्हणजे ४८४, बावीसचा वर्ग. १२३२१ गुणिले ९ म्हणजे ११०८८९, ३३३ चा वर्ग. आणि आपली सतरा अंकी संख्या गुणिले ८१ म्हणजे ९९९९९९९९९ चा वर्ग, ९९९९९९९९८००००००००१. याचे नऊ-नऊ अंकांचे दोन तुकडे करा. डावा ९९९९९९९९८, उजवा १. मिळवा : ९९९९९९९९९. वर्ग करा, तुकडे पाडा, मिळवा आणि सुरुवातीचीच संख्या परत मिळवा, या गुणाच्या संख्यांना जग ‘कापरेकर संख्या’ म्हणतं. त्यांतली ओळखीची ४५ : तिचा वर्ग २०२५, आणि वीस अधिक पंचवीस पंचेचाळीस.

गुणाकार झाला, आता भागाकार. जी संख्या स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाते तिला कापरेकरांनी ‘हर्षद संख्या’ हे नाव दिलं. आपल्या संख्येच्या फोडीत ३ चारदा आला आहे आणि तीन चारदा म्हणजेच ८१. भाग जातो. भागाकार १५२४१५७८९९७१०४१, आणि तोही वर्गच, १२३४५६७९ चा. आठ नसलेली ही १२३४५६७९ अनेकांनी शाळेत पाहिली असेल. तिला नवाने गुणलं की नऊ एक मिळतात. नऊ अद्भुत डेम्लो संख्यांपैकी हर्षद फक्त तीन : १, १२३२१ आणि आपली सतरा अंकी. कारण एकांची संख्या तिच्यातल्या एकांच्या मोजणीने भागली जायला हवी. एका एकाला एकने भाग जातो, १११ ला तीनने जातो, नऊ एकांना नवाने जातो, आणि मधल्या कुणालाच जात नाही.

कापरेकरांच्या कामातला मला सर्वांत प्रिय भाग यापुढे आहे. कोणतीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. १४ घेतले, एक आणि चार पाच, १४ अधिक ५ म्हणजे १९. तर १४ ही १९ ची जनक संख्या. १९ पासून २९, २९ पासून ४०, अशी पिढ्यांची रांग पुढे चालू राहते. आता उलटा प्रश्न. प्रत्येक संख्येला जनक असतोच का? नसतो. २० कुठल्याही संख्येत तिचे अंक मिळवून येत नाही. ३१, ४२, ५३ याही नाहीत. अशा बिनजनकाच्या संख्या म्हणजे स्वयंभू संख्या. कापरेकरांनी १९६३ मध्ये त्यांच्यावर एक पुस्तिका देवळालीहून स्वतःच छापून काढली. म्हणून या संख्यांना ‘देवळाली संख्या’ असंही म्हणतात. एकाच रेल्वेमार्गावरची दोन स्टेशनं एकाच माणसामुळे संख्याशास्त्रात जाऊन बसली.

मग प्रश्न मनात येतोच : डोंबिवलीच्या या थोरल्या संख्येचा जनक कोण? हे कागदावर शोधता येतं, आणि संगणक न लावता शोधण्यात खरी मजा आहे. कुठल्याही संख्येला नवाने भागून जी बाकी उरते, तीच तिच्या अंकांच्या बेरजेलाही उरते. जनक आणि त्याची अंकबेरीज, दोघांची बाकी सारखी, आणि दोघं मिळून होते आपली संख्या, जिला नवाने पूर्ण भाग जातो. सारख्या दोन बाक्या मिळून नवाच्या पटीत यायच्या तर ती बाकी शून्यच हवी. म्हणजे जनकाची अंकबेरीज नवाच्या पटीत आहे, एवढं पक्कं झालं. सतरा अंकांची बेरीज फार तर सतरा नव्वे १५३ होईल; म्हणजे जनक आपल्या संख्येच्या फार तर १५३ मागे. एवढं वजा केल्याने बदलले तर शेवटचे तीन अंक, ३२१, बदलतील. पहिले चौदा, १२३४५६७८९८७६५४, जसेच्या तसे राहतील. त्या चौदांची बेरीज ७५. शेवटच्या तीन अंकांची बेरीज फार तर २७. म्हणून जनकाची अंकबेरीज ७५ ते १०२ च्या मधे, नवाच्या पटीत : ८१, ९० किंवा ९९.

तीनच शक्यता उरल्या. ९९ वजा केले तर शेवट २२२, अंकबेरीज ७५ अधिक ६, ८१, जुळत नाही. ९० वजा केले तर शेवट २३१, पुन्हा ८१, नाही. ८१ वजा केले तर शेवट २४०, अंकबेरीज ७५ अधिक ६, ८१. जुळलं. आपल्या संख्येचा जनक एकच : १२३४५६७८९८७६५४२४०. त्याची अंकबेरीजही ८१, आणि ८१ ने त्यालाही भाग जातो, म्हणजे तोही हर्षद.

आणि त्या जनकाचा जनक? तीच रीत. पहिले चौदा अंक तेच, शक्यता त्याच तीन. ८१ वजा केले तर शेवट १५९, अंकबेरीज ७५ अधिक १५, ९०, नाही. ९० वजा केले तर शेवट १५०, अंकबेरीज ८१, नाही. ९९ वजा केले तर शेवट १४१, अंकबेरीज ८१, नाही. रांग तिथेच संपते. त्याला जनक नाही. तो स्वयंभू आहे. म्हणजे एका देवळाली संख्येत तिचे अंक मिळवले की डोंबिवलीची सर्वांत मोठी अद्भुत संख्या मिळते. स्वयंभू संख्या साधारण दहांत एक या प्रमाणात सापडतात, तेव्हा हा काही चमत्कार नाही. पण कागदावर तिसरी शक्यताही खोटी ठरली, तेव्हा मला अतिशय आनंद झाला.

या साऱ्यावर एक जुना आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाणं बरोबर नाही. संख्या वर्ग आहे, तिला ३७ ने भाग जातो, तिला पंचेचाळीस भाजक आहेत, हे तिचे अंगचे गुण. ती कुठल्याही पद्धतीने लिहा, ते तसेच राहतात. पण दोन्हीकडून सारखी असणं, अंकांची बेरीज ८१ असणं, हर्षद किंवा स्वयंभू असणं हे गुण दहा अंकांनी लिहिण्याच्या आपल्या रिवाजातून येतात. मोजणी दहाऐवजी बाराच्या गटांनी होत असती तर चढण नऊवर थांबली नसती, आणि या संख्येत आरसा उरलाच असता असंही नाही. रामानुजनना केंब्रिजला बोलावणारे जी. एच. हार्डी यांनी १९४० च्या आपल्या पुस्तकात असल्या अंकांच्या गमतींना कोड्यांच्या सदरातली जागा दिली आणि खऱ्या गणितज्ञाला त्यांत काही सापडणार नाही असं म्हटलं. आपल्याकडेही अनेकांनी कापरेकरांच्या कामाला हलकंच मानलं.

मला हा न्याय पटत नाही. स्वयंभू संख्या नेमक्या किती दाट विखुरलेल्या आहेत, हा प्रश्न मनोरंजनाचा नाही. उम्बेर्तो झानिएर या इटालियन गणितज्ञाने १९८२ साली अमेरिकन मॅथमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात सिद्धता छापून दाखवून दिलं की त्यांचं प्रमाण एका ठरावीक मर्यादेकडे जातं. देवळालीच्या मास्तरांनी मांडलेल्या व्याख्येवर पुढे पक्कं गणित उभं राहिलं. दुसरी गोष्ट, रिवाज माणसाचा असला तरी त्यातून निघणारे नियम माणसाच्या मर्जीचे नसतात. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक एकच नसलेली. अंक उतरत्या क्रमाने लावा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, आणि हेच करत राहा. कापरेकरांचं जन्मवर्ष १९०५ घेऊ : ९५१० वजा ०१५९, ९३५१. मग ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४. इथे आलं की वजाबाकी पुन्हा पुन्हा ६१७४ च देते. कुठूनही निघालं तरी फार तर सात पायऱ्यांत माणूस इथे येतो. कापरेकरांना हे १९४६ मध्ये सापडलं, १९४९ च्या मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ते मांडलं, आणि आज ६१७४ ला ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणतात.

मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९७५ च्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या सदरात कापरेकरांवर लिहिलं, तेव्हा कुठे ते जगाला ठाऊक झाले. कापरेकर तेव्हा सत्तर वर्षांचे होते; निवृत्तीनंतर गणित-विज्ञानाच्या शिकवण्या घेऊन त्यांचं चाललं होतं. १९८६ मध्ये देवळालीतच ते गेले. दरम्यान त्यांच्या काही संख्या दुसऱ्या नावांनी पुन्हा शोधल्या गेल्या होत्या. स्वयंभू संख्यांना ‘कोलंबियन संख्या’ असंही नाव पडलं, कारण १९७४ साली कोलंबियाच्या बेर्नार्दो रेकामान यांनी तोच प्रश्न एका अमेरिकन नियतकालिकात घातला. हर्षद संख्यांना १९७७ च्या आयव्हन नायव्हन यांच्या व्याख्यानानंतर ‘नायव्हन संख्या’ म्हणू लागले. यात कुणाची लबाडी नव्हती. देवळालीत स्वखर्चाने छापलेल्या पुस्तिका सातासमुद्रापार पोचल्या नाहीत, इतकंच. डेम्लो हे नाव मात्र टिकलं. डोंबिवली-कल्याणच्या एखाद्या शाळेने, वाचनालयाने किंवा खुद्द स्टेशनाने ही सतरा अंकी संख्या भिंतीवर लिहावी आणि खाली कापरेकरांचं नाव घालावं, असं मला मनापासून वाटतं.

आता कल्याणचा फाटा. काही संख्यांना दोन जनक असतात. सर्वांत लहान अशी संख्या १०१ : ९१ अधिक १० म्हणजे १०१, आणि १०० अधिक १ म्हणजेही १०१. दोन रांगा वेगवेगळ्या ठिकाणांहून येऊन एकत्र मिळतात, म्हणून कापरेकरांनी अशा संख्यांना ‘जंक्शन’ म्हटलं. नऊही अद्भुत डेम्लो संख्या वरच्या रीतीने तपासून पाहिल्या तर १ आणि १२१ स्वयंभू निघतात, म्हणजे देवळालीच्या. सहांना प्रत्येकी एकच जनक आहे. उरली चौथी, १२३४३२१. तिला दोन आहेत. १२३४३०४ ची अंकबेरीज १७, मिळवले की १२३४३२१. आणि १२३४२९५ ची अंकबेरीज २६, मिळवले की पुन्हा १२३४३२१. नवांत जंक्शन ही एकच.

तीन जनक असलेली सर्वांत लहान संख्या कापरेकरांनी १९६१ साली शोधली. आधी १, मग बारा शून्यं, मग पुन्हा १ : १००००००००००००१. तिचे तीन जनक आहेत ९९९९९९९९९९८९२, ९९९९९९९९९९९०१ आणि १००००००००००००० . पहिल्याची अंकबेरीज १०९, दुसऱ्याची १००, तिसऱ्याची १. कागद घ्या आणि पडताळून पाहा.